कूलंट गळायलंय? आधी कुठून ते शोधा, मग पाना हातात घ्या

गाडीखाली हिरवा ओघळ दिसला की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस घाबरून थेट इंजिन खोलायच्या गोष्टी करायला लागतो, नाहीतर बाटलीनं पाणी टाकत टाकत दोन-तीन महिने काढतो आणि शेवटी इंजिन खरंच खोलायची वेळ येते. दोन्हीची गरज नसते. डर्ट बाईकमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी, असतं साधारण एक-दीड लिटर, ते बाहेर पडू शकतं अशा जागा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या निम्म्या जागा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड एवढ्यावर नीट होतात. डोकं लागतं ते शोधायला. म्हणून इथं शोधण्यावरच जास्त लिहितोय, नव्यानं डर्ट बाईक घेतलेल्या आणि पहिल्यांदाच पाना हातात धरणाऱ्या पोरांसाठी.

सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या गाडीत कूलंट आहे तरी का. हसू नका, हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. एक्सपल्स २०० ४व्ही किंवा जुनी हिमालयन ४११ असेल तर समोर जी छोटी जाळी दिसते तो ऑइल कूलर आहे, त्यात इंजिन ऑइलच फिरतं, तिथून गळालं तर ते ऑइलच असणार आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर, एक्सपल्स २१०, किंवा कुणाकडं कावासाकी केएक्ससारखी रेसची गाडी असेल तर त्या पाण्यावर थंड होणाऱ्या, म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप, होज पाइप आणि कूलंट सगळं आलं.

गाडी गरम असताना झाकण उघडायचं नाही

हे वेगळं लिहायचं कारण म्हणजे पोरं ऐकत नाहीत. रेडिएटरच्या झाकणावर १.१ किंवा असाच आकडा लिहिलेला असतो, तो बारमधला दाब. ह्या दाबामुळं आतलं पाणी १०० अंशाला उकळत नाही, १२० च्या आसपास जातं. तुम्ही झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. इंजिन बंद करून पाऊण तास-तासभर थांबा, एप्रिल-मे महिन्यात तर त्याहून जास्त, कारण बाहेरच ४२-४३ असताना गाडी थंड व्हायची ती कशी. वरचा होज पाइप फडकं धरून दाबून बघा, टणक लागला तर अजून दाब आहे. मऊ लागला तरी झाकणावर जाड फडकं टाकून आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं, फुस्स आवाज थांबला की मग पुढं.

आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. शेतातल्या बोअरवर गाडी नेऊन पाइप धरणारे महाभाग बघितलेत, ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, असं एकदम गार केलं की वाकू शकतं, मग साध्या क्लिपच्या कामाचं हेडचं काम होऊन बसतं.

हे खरंच लीकेज आहे का?

कूलंट गरम झालं की फुगतं. फुगलेलं जादाचं कूलंट झाकणातून बारीक नळीनं बाहेर जातं. हिमालयन, केटीएम असल्या गाड्यांत ते रिझर्व टाकीत जमा होतं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं, पण रेसच्या बऱ्याच गाड्यांना टाकीच नसते, नळी थेट खाली सोडलेली असते. त्यामुळं मांजरा नदीच्या नाहीतर गोदावरीच्या कोरड्या पात्रात वाळूत पहिल्या गिअरवर अर्धा तास झुंजलात, किंवा बालाघाटच्या डोंगरात दगडांत क्लच घासत चढलात, आणि थांबल्यावर त्या नळीतून थोडं कूलंट टपकलं, तर गाडी तापली होती एवढंच त्याचं म्हणणं. वाऱ्याशिवाय रेडिएटर काही करू शकत नाही आणि रेसच्या गाडीला बहुतेक वेळा पंखाही नसतो.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. रिझर्व टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ती जादाचं बाहेर फेकणारच. आपल्याकडं टाकी दिसली की भरायची अशी सवय आहे. वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये पातळी ठेवा, गाडी गार असताना, सरळ उभी करून. साइड स्टँडवर बघाल तर पातळी चुकीची दिसते. टाकी नसलेल्या गाडीत झाकण उघडून आतल्या जाळीच्या वर साधारण १० मिमी कूलंट पाहिजे.

आता पातळीला एकदा खूण करा, मार्करनं किंवा चिकटपट्टीनं. दोन-तीन रायडनंतर परत गार गाडीवर बघा. पातळी तिथंच असेल तर बाहेर दिसलेला थेंब विसरून जा. पातळी उतरायली आणि बाहेर ओलं दिसतंय तर बाहेरचं लीकेज. पातळी उतरायली पण बाहेर सगळं कोरडं, तर जरा गंभीर, ते हेड पॅकिंगच्या (सिलिंडर आणि हेडच्या मधलं पॅकिंग) भागात बोलू. गाडी नीट सरळ चालवूनही प्रत्येक वेळी नळीतूनच बाहेर टाकत असेल तर संशय दोघांवर, झाकण आणि हेड पॅकिंग.

धुवा, वाळवा, मग बघा

आपल्या काळ्या मातीत फिरलेल्या गाडीवर लीकेज शोधणं म्हणजे वेळ घालवणं. पावसाळ्यात ही माती रेडिएटरच्या जाळीत बसते आणि इंजिनच्या उष्णतेनं भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघते. तिच्या आत ओल कुठून आली काही कळत नाही. साध्या पाइपनं, कमी दाबानं गाडी धुवायची. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जेट रेडिएटरवर आणि पंपाच्या सीलजवळ धरू देऊ नका, जाळीची पाती लगेच आडवी होतात, आणि एकदा आडवी झाली की तिथून वारा जात नाही. जाळी मागच्या बाजूनं, म्हणजे इंजिनकडून पुढं पाणी मारून धुवायची, माती आली तशी बाहेर जाते.

मग गाडी पूर्ण वाळवा. फडक्यानं पुसा, उन्हात ठेवा. सीट, पेट्रोल टाकीचे प्लॅस्टिक, रेडिएटर गार्ड काढून ठेवा, नाहीतर नेमकी जागा झाकलेली राहते. खाली जुना पेपर अंथरा.

आता टॅल्कम पावडर. कॅरम खेळताना टाकतो तशी होजच्या जोडांवर, पंपाच्या झाकणाच्या कडेवर, सिलिंडर आणि हेडच्या सांध्यावर भुरभुरवा. गाडी चालू करून पाच-सात मिनिटं उभ्या जागी चालू द्या, तापमानावर लक्ष ठेवून. जिथं पावडर ओली होऊन गडद पडली तिथं बघा. आणि लक्षात ठेवा, कूलंट जिथून गळतं तिथं टपकत नाही. ते वरून निघून फ्रेमवरून, पाइपवरून, इंजिनवरून घसरत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून थेंब पडतो, वाऱ्यानं मागंही ढकललं जातं. म्हणून थेंब बघायचा नाही, ओल्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा बघायची. खालच्या ड्रेन बोल्टला दोष देऊन तो आवळून आवळून आटे घालवलेले लोक खूप आहेत, आणि लीकेज असतं वरच्या होजला.

जुनं लीकेज असेल तर पावडरचीही गरज पडत नाही. कूलंट वाळलं की हिरवट, पांढरट किंवा तांबूस पापुद्रा राहतो, कूलंटच्या रंगाप्रमाणं. टॉर्च घेऊन तो शोधा. थेंब नेमका कशाचा हे कळत नसेल तर हातमोजा घालून बोटांत चोळा: पेट्रोल गार लागून उडून जातं, ऑइल बुळबुळीत आणि काळपट, कूलंट थोडं चिकट लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. चाखून बघायचं नाही. इथिलीन ग्लायकॉल असतं त्यात, विषारी आहे, चवीला गोड म्हणून तर जास्त धोक्याचं.

काही लीकेज गार असतानाच होतं, गाडी गरम झाली की रबर-धातू फुगून जागा बंद होते. हिवाळ्यात सकाळी खाली डाग आणि दिवसभर काही नाही, असं असेल तर बहुतेक क्लिप ढिली. उलट काही लीकेज फक्त दाब आल्यावर दिसतं. अशा वेळी प्रेशर टेस्टर लागतो, झाकणाच्या जागी बसवायचा हातपंप आणि घड्याळ. चांगल्या गॅरेजमध्ये असतो, कारच्या रेडिएटरवाल्याकडंही असतो पण त्याचा अडॅप्टर आपल्या छोट्या तोंडाला बसेलच असं नाही. गार गाडीवर, झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब भरायचा आणि दहा मिनिटं काटा बघायचा. काटा पडायला लागला तर कुठंतरी जायलंय, शांतपणे टॉर्च मारा, इंजिन बंद असल्यानं हिसहिस आवाजही येतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हा प्रयोग करू नका. १.१ बार म्हणजे फक्त १६ पीएसआय, आणि त्याचा कॉम्प्रेसर शंभराच्या पुढं असतो, एक फटका आणि रेडिएटर फुगून बाजूला.

होज आणि क्लिप

सुरुवात इथून करा कारण इथंच सापडायची शक्यता जास्त. क्लिप आवळून बघा, पण अंगात आलं म्हणून नको, रबर क्लिपच्या फटींतून बाहेर यायला लागलं की थांबा. आवळूनही थांबत नसेल तर क्लिप काढा, होज ओढून बघा. टोकाला चीर पडलेली असते. होजला थोडी लांबी शिल्लक असेल तर टोकाचा सेंटीमीटरभर तुकडा ब्लेडनं सरळ कापून परत बसवता येतो. ज्या धातूच्या नळीवर होज चढतो तिच्या टोकाला एक उंचवटा असतो, क्लिप त्या उंचवट्याच्या मागं बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. नळीवर पांढरी पूड धरली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं काढा, ओलं करून.

होजला मधेच भोक असेल तर दोन कारणं. एक, क्लच केबल नाहीतर वायरिंग घासून घासून. दुसरं, उंदीर. गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गोडाऊनला लावत असाल तर त्यांना होजही चालतो. असा होज बदलायचाच, त्याला चिकटवायच्या भानगडीत पडू नका.

रेडिएटर

पडल्यावर रेडिएटर वाकतो, हे ठरलेलं. थोडा वाकलेला असून गळत नसेल तर तसाच राहू द्या, सरळ करायच्या नादात जाळीच्या बाजूला असलेल्या रेडिएटरच्याच टाकीचा जोड फाटतो. भोक पडायचं आपल्याकडचं खास कारण म्हणजे कापूस काढून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी. कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट तिरपे, टोकदार आणि वाळून कडक झालेले असतात, गाडी आडवी झाली की बरोबर जाळीत घुसतात. गार्ड नसेल तर आधी गार्ड घ्या, दुसरं काही सजवायच्या आधी.

दुरुस्ती म्हणाल तर हे रेडिएटर ॲल्युमिनियमचे. जुन्या ट्रॅक्टर-ट्रकचे पितळी रेडिएटर डाग देऊन नीट करणारा कारागीर इथं कामाचा नाही, ॲल्युमिनियमवर तो डाग धरत नाही. आर्गन वेल्डिंगवाला पाहिजे. संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीच्या बाजूला मिळतात, जालना, लातूर, नांदेडलाही औद्योगिक वसाहतीत विचारा. जाताना रेडिएटर आतून-बाहेरून धुऊन वाळवून न्या, कूलंटचा अंश राहिला की वेल्ड पकडत नाही आणि तो माणूस तुमच्यावर वैतागतो. टाकीच्या जोडाला वेल्ड चांगली बसते. जाळीच्या मधल्या पातळ नळ्यांना मात्र अवघड जातं, तिथं एखादी नळी दोन्हीकडून बंद करून टाकतात, एका-दोन नळ्यांनी फार फरक पडत नाही.

आता हळद. जुने ट्रक ड्रायव्हर रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायचे आणि ती गळती धरायची, हे खरं आहे. पण ते मोठ्या नळ्यांचे, मोठ्या पंपाचे रेडिएटर. आपल्या रेडिएटरच्या नळ्या एवढ्या बारीक की हळद काय नि बाजारातली लीक बंद करायची पावडर काय, भोकाच्या आधी तीच चोक होते, थर्मोस्टॅटवर (तापमानाप्रमाणं कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व) बसते. गळती थांबते आणि गाडी तापायला लागते. मला विचाराल तर दोन्ही नको.

झाकण पण इथंच बघून घ्या. आतलं रबर कडक झालंय का, त्यावर रिंगणासारखा खोल ठसा पडलाय का, स्प्रिंग दाबून परत येते का. आणि रेडिएटरचं तोंड पडल्यामुळं अंडाकृती झालं असेल तर नवं झाकणही बसणार नाही. झाकण बदलताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं की तापणार नाही असं कुणीतरी सांगतं, पण मग सगळे जुने होज आणि सील त्या दाबाखाली येतात.

वॉटर पंप, म्हणजे ते छोटं भोक

ह्यावर जरा थांबतो, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच फसतो.

पंप बहुतेक गाड्यांत इंजिनच्या साइड कव्हरमध्ये असतो. एक शाफ्ट, त्याच्या बाहेरच्या टोकाला इम्पेलर म्हणजे पंखा, तो कूलंटमध्ये फिरतो. शाफ्टचं दुसरं टोक इंजिनच्या आत, ऑइलमध्ये. मध्ये दोन सील, एक कूलंट अडवणारं, एक ऑइल अडवणारं, आणि ह्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून खाली एक बारीक भोक सोडलेलं असतं. कंपनीनं ते मुद्दाम ठेवलेलं. कुठलंही एक सील गेलं की माल दुसऱ्या बाजूला न जाता त्या भोकातून बाहेर यावा आणि तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी.

म्हणून भोकातून काय यायलंय ते बघा. कूलंट आलं तर पाण्याकडचं सील गेलं. ऑइल आलं तर ऑइलकडचं. दोन्हीचा मिळून राखाडी-दुधाळ चिकटा आला तर दोन्ही गेली. बऱ्याच दिवसांनी गाडी काढल्यावर एखादा थेंब आला तर लगेच पंप खोलू नका, लक्ष ठेवा, पण रोज थेंब पडायला लागला तर कामाला लागा.

आमच्या ग्रुपमधल्या एका पोराच्या गाडीचं सांगतो. भोकातून हिरवं टपकायचं, त्यानं गॅरेजला दाखवलं, तिथल्या माणसानं भोक स्वच्छ पुसून त्यात सिलिकॉन भरलं आणि म्हणला, घे, बंद झालं. खरंच बंद झालं. पैठणच्या बाजूला जायकवाडीच्या काठानं दोन चकरा झाल्या आणि एक दिवस इंजिनवरच्या ऑइलची पातळी बघायच्या काचेत बघतो तर दुधाच्या चहाचा रंग. बाहेर यायची वाट बंद केली म्हटल्यावर कूलंट ऑइलकडचं सील ओलांडून आत गेलं. क्रँकचे बेअरिंग दाण्यांनी वाजायला लागले होते. काम होतं दोन सीलचं, झालं अख्ख्या इंजिनचं. ते भोक मातीनं बुजलं तरी हेच होतं, म्हणून धुताना बारीक तारेनं तोंडावरची माती काढत जा, तार आत खुपसू नका.

सील बदलायची पद्धत अशी. गाडी गार. पंपाच्या खालच्या बाजूला कूलंटचा ड्रेन बोल्ट असतो, त्याला तांब्याचं वायसर. खाली पसरट भांडं ठेवा, आधी बोल्ट काढा, मग रेडिएटरचं झाकण उघडा म्हणजे धार जोरात येऊन सगळं रिकामं होतं. पंपाचं बाहेरचं झाकण काढायला एवढं पुरतं, पण सील बदलायला बहुतेक गाड्यांत आतलं साइड कव्हर काढावं लागतं आणि त्यासाठी इंजिन ऑइलही काढा. कव्हर काढताना बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागेत घालून आवळला की इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, फुटते.

इम्पेलर काढायच्या आधी मॅन्युअल बघा, कुठं बोल्ट असतो, कुठं सर्किप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), कुठं इम्पेलरलाच आटे असतात. जोर लावून उलटं फिरवू नका. जुनं सील काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली बाजू कुठं आहे ते. साधारण नियम असा की सीलची स्प्रिंगवाली बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडं, पण फोटो असला की वादच नाही. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरनं कव्हरच्या भोकाला ओरखडा पडू देऊ नका, पडला तर नवं सील बाहेरून गळणार.

मग शाफ्ट हातात घेऊन सील बसतं त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे तिथं खाच पडलीय, तर शाफ्टही बदला. हे न केल्यामुळंच लोक म्हणतात की "नवं सील टाकलं तरी महिन्यात परत गळायलं". खाच पडलेल्या शाफ्टवर कुठलंही सील टिकत नाही, त्याची किंमत सीलपेक्षा जास्त आहे खरी, पण काम एकदाच होतं. बेअरिंगही बोटानं फिरवून आणि हलवून बघा, खडबड किंवा हालचाल वाटली तर तेही.

सीलवर माप लिहिलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ऑइलकडचं सील बेअरिंगच्या दुकानात त्या मापानं मिळून जातं. पाण्याकडचं मात्र कंपनीचंच घ्या, त्याच्या ओठाचं रबर आणि आकार वेगळा असतो, मापाला बसलं म्हणून कूलंटमध्ये टिकेल असं नाही.

नवं सील बसवताना कव्हर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, पुसून कोरडं करा, सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट वर ठेवून सरळ, हळूहळू ठोका. तिरपं गेलं तर काढून परत, ओढूनताणून सरळ करू नका. ओरिंग आणि पॅकिंग नवीनच. आणि पॅकिंगवर ट्यूबमधला सिलिकॉन थापायचा नाही, जादाचा आत जाऊन नळ्यांत अडकतो. कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला आवळतात, म्हणजे छोटा पाना आणि मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीनं. आटे गेलेच तर घाबरू नका, लेथवाला हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, घालून देतो.

हेड पॅकिंग

बाहेर कोरडं, पातळी उतरायली, आणि खालच्यापैकी एक-दोन गोष्टी दिसतायत तर हेड पॅकिंगवर संशय घ्या. गार गाडी झाकण उघडं ठेवून चालू केली की रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि ते थांबतच नाहीत (सुरुवातीचे थोडे हवेचे असतात, ते चालतं). गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होज टणक. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर. प्लग काढला तर धुतल्यासारखा स्वच्छ. ऑइल दुधाळ.

फक्त काचेवर थोडा दुधाळ थर बघून निकाल देऊ नका. हिवाळ्यात घरापासून चौकापर्यंतच गाडी काढत असाल तर इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि वाफेचं पाणी ऑइलवर दिसतं. लांब चालवून आणल्यावर जातंय का बघा. पण सगळंच ऑइल दुधाळ असेल तर गाडी चालू सुद्धा करायची नाही, ढकलत न्या, टेम्पोत टाका, काहीही करा. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. दुरुस्तीनंतर साधं ऑइल टाकून थोडा वेळ चालवून, काढून, परत नवं टाकावं लागतं, दुधाळपणा जाईपर्यंत.

हेडचं काम पहिल्यांदाच करणाऱ्यानं एकट्यानं करू नये असं माझं मत. टायमिंग चेन, व्हॉल्व, हेड बोल्ट आवळायचा क्रम, सगळंच आलं. पण गॅरेजला देताना एवढं विचारा: हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासणार का? मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची गोष्ट आहे ती. नुसतं नवं पॅकिंग टाकून वाकलेलं हेड परत बसवलं तर पैसे वाया. "डोळ्यानं सरळ दिसतंय" म्हणला तर गाडी दुसरीकडं न्या.

रानात गळायला लागलं तर

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच: दोन मापांच्या जुबली क्लिप (स्क्रूनं आवळायच्या), एम-सीलसारखी दोन पुड्यांची लांबी, म्हणजे भोक बुजवायची पुट्टी, मऊ तार, सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी. होज फुटला तर कोरडा पुसून ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक चढवत गुंडाळा आणि दोन्ही टोकांना तार पिळा. रेडिएटरला बारीक भोक असेल तर आजूबाजूची पाती पक्कडीनं बाजूला करून, घासून, कोरडं करून लांबी लावा आणि ती कडक होईपर्यंत बसा. घाईनं गाडी चालू केली की दाबानं निघून येते. झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून ठेवलं तर आत दाब तयार होत नाही आणि गळती कमी होते, पण मग पाणी लवकर उकळतं, म्हणून हळू, वाऱ्यावर, आणि तापमानाचा दिवा लागला की थांबा. घरी पोचायला हातपंपाचं पाणी टाकलं तरी चालतं, पण पोचल्यावर ते काढून टाका.

परत भरताना

बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीवर, नळावर, गिझरच्या कॉइलवर रोज बघतो आपण, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. जारचं फिल्टरचं पाणीही नको. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं तर प्रश्नच मिटला. घट्ट कूलंट घेतलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीवाल्याकडचं बॅटरीचं पाणी, निम्मं-निम्मं. कॅन घेताना पाणीच आहे ना बघा, त्याच दुकानात ॲसिडचेही कॅन असतात. कूलंट ॲल्युमिनियम इंजिनला चालणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्या प्रकारचं. रंगावर जाऊ नका, रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते, आणि दोन वेगळ्या प्रकारची मिसळू नका.

ड्रेन बोल्टला नवं वायसर. कूलंट बारीक धारेनं भरा, मधेच होज दाबत राहा, गाडी डावीकडं-उजवीकडं कलवा, बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल, परत भरा. रेडिएटरला किंवा हेडला हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करून, बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट आलं की बंद करा. झाकण उघडं ठेवून तीन-चार मिनिटं इंजिन चालू ठेवा, ॲक्सिलरेटर न पिळता, परत भरा, झाकण लावा. आत हवा राहिली तर लीकेज नीट होऊनही गाडी तापते, आणि मग बिचाऱ्या नव्या सीलला शिव्या पडतात. घराजवळच एक चक्कर मारून पूर्ण गार होऊ द्या, पातळी बघा, सांध्यांवर परत पावडर टाका. पहिल्या गार झाल्यावर पातळी थोडी उतरतेच, भरून घ्या. दुसऱ्यांदा उतरली तर शोध परत सुरू.

काढलेलं जुनं कूलंट भांड्यात उघडं ठेवू नका. गोड लागतं म्हणून कुत्री, वासरं तोंड घालतात आणि थोड्याशा कूलंटनं किडनी जाते. गोठ्याच्या कडेला, विहिरीजवळ, नालीत ओतायचं नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्या वर्कशॉपला द्या. खाली सांडलेल्यावर माती टाकून ती माती उचला आणि जागा पाण्यानं धुवा. जनावरानं प्यायलंय अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता गुरांच्या डॉक्टरला फोन करा, आणि कूलंटचा डबा सोबत न्या, त्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचू द्या.